घंटा वाजवू नका : १३४८ ची महामारी आणि तिला सामोरी गेलेली माणसे

२ मे १३४८ रोजी इटलीतील पिस्तोया या शहराच्या कारभाऱ्यांनी एक लांबलचक हुकूमनामा काढला. फ्लोरेन्स आणि लुक्का यांच्या दरम्यान वसलेले हे तटबंदीचे शहर फार मोठे नव्हते, पण त्याची नगरसभा लिहून ठेवण्यात काटेकोर होती, म्हणूनच तो हुकूमनामा आज आपल्याला वाचता येतो. पिसा आणि लुक्का येथे कोणी जायचे नाही आणि तेथून आलेल्या कोणाला वेशीच्या आत घ्यायचे नाही. वापरलेले जुने कपडे, मग ते लोकरीचे असोत वा तागाचे, बाहेरून शहरात आणायचे नाहीत. मृतदेह लाकडी पेटीत ठेवून, झाकण खिळ्यांनी घट्ट ठोकल्याशिवाय हलवायचा नाही, आणि तो पुरायचा खड्डा तेथील मापाने अडीच हात खोल असला पाहिजे. अंत्ययात्रेला फक्त घरच्या मंडळींनी जायचे. शहराच्या तटाच्या आत कातडी कमवायची नाहीत. आणि कोणी मेले तरी चर्चची घंटा वाजवायची नाही, कारण त्या आवाजाने अंथरुणाला खिळलेल्यांना त्रास होतो आणि त्यांच्या मनात भीती भरते.

हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या शहरात रोज माणसे मरत होती, तेथे कोणाला तरी सुचले की बिछान्यावर पडलेला रोगी प्रत्येक ठोका मोजत असणार आणि पुढचा ठोका आपला असेल असे त्याला वाटत असणार. मध्ययुगातील महामारीचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, त्यात माणसे एक तर वेड्यासारखी पळत असतात, नाही तर गुडघे टेकून रडत असतात. तसे घडलेही. पण त्याच वेळी माणसे विचार करत होती, निरीक्षण करत होती, नियम लिहीत होती, ते चुकले तर बदलत होती आणि एकमेकांची काळजीही घेत होती. रोगाचे खरे कारण त्यांना ठाऊक नव्हते आणि ते कळण्याचे साधनही त्यांच्या हाती नव्हते. त्या अज्ञानात राहून त्यांनी काय केले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम रोगाबद्दल. आज आपण या साथीला ‘काळा मृत्यू’ म्हणतो, पण ते नाव पुष्कळ नंतरचे आहे. त्या पिढीतले लोक तिला नुसते ‘मोठी मर’ किंवा ‘महामृत्यू’ म्हणत. रोग होता प्लेग. तो ज्या जिवाणूमुळे होतो तो १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांना सापडला आणि त्यांच्याच नावावरून त्याला ‘येर्सिनिया पेस्टिस’ म्हणतात. हा जिवाणू मुळात उंदीर, घुशी आणि तत्सम कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये असतो. आजारी उंदराचे रक्त प्यायलेल्या पिसवेच्या अन्नमार्गात जिवाणूंचा गोळा तयार होतो आणि तिची वाट तुंबते. मग ती कितीही रक्त प्यायली तरी तिची भूक शमत नाही. ती पुन्हा पुन्हा चावत राहते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जिवाणू जखमेत सोडते. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड शरीर सोडून दुसरा यजमान शोधतात, आणि घरात तो माणूसच असतो. उंदरापासून माणसाकडे येणारा हा पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमोन या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला, मुंबई इलाख्यात साथ पसरलेली असताना. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ‘उंदीर पडू लागले’ या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसे. ते ऐकले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधत.

चावा बसल्यावर काही दिवसांत सडकून ताप भरतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येते. आपल्याकडे ‘गाठीचा प्लेग’ म्हणत तो हाच. उपचार न मिळाल्यास निम्म्याहून अधिक रोगी दगावतात. जिवाणू फुप्फुसात शिरला तर खोकल्यातून रक्त पडते, तो रोग खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो आणि उपचाराविना त्यातून जवळजवळ कोणीही वाचत नाही. चौदाव्या शतकात माणसांच्या अंगावरील पिसवा व उवा यांचाही प्रसारात किती वाटा होता, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. पण रोग तोच होता, ही गोष्ट आता पक्की झाली आहे. लंडनमध्ये १३४८-४९ साली खास या साथीसाठी ईस्ट स्मिथफील्ड येथे जे कब्रस्तान काढले गेले, त्यातील सांगाड्यांच्या दातांतून या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०११ मध्ये मिळवण्यात आला.

ही साथ मध्य आशियातून आली. आजच्या किरगिझस्तानातील इसिक-कुल सरोवराजवळच्या ख्रिस्ती कब्रस्तानात १३३८-३९ या दोन वर्षांतील थडगी एकाएकी वाढलेली दिसतात, काही थडग्यांवर ‘साथीने मेला’ असे कोरलेले आहे, आणि तेथील दातांतही हाच जिवाणू सापडला आहे. १३४६ मध्ये ती काळ्या समुद्राच्या काठावरील काफा या, इटलीतील जिनोआ नगराच्या, व्यापारी ठाण्यापर्यंत पोहोचली होती. १३४७ च्या ऑक्टोबरात जिनोआची जहाजे सिसिलीतील मेसिना बंदराला लागली आणि तेथून पुढे चार वर्षे साथ जहाजांच्या व रस्त्यांच्या वाटेने वर सरकत राहिली: १३४८ च्या आरंभी मार्सेय, जिनोआ आणि व्हेनिस, वसंतात फ्लोरेन्स, उन्हाळ्यात इंग्लंडचा दक्षिण किनारा, पुढे जर्मन प्रदेश आणि उत्तरेकडील देश. युरोपातील लोकसंख्येपैकी किमान एकतृतीयांश आणि अनेकांच्या मते निम्मी माणसे तीत गेली. एवढ्या मोठ्या आकड्याने मन बधिर होते, म्हणून एकच गाव पाहावे. बर्गंडीतील झिव्री या गावच्या चर्चमध्ये दफनाची व लग्नाची दक्षिणा लिहून ठेवलेली एक नोंदवही टिकून आहे. तेथे आधीच्या वर्षांत साल भरात तीसेक दफने होत. १३४८ च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंतच्या चौदा-पंधरा आठवड्यांत सहाशेहून अधिक झाली.

आता वैद्यांकडे वळू. त्या वेळी पोपचे आसन रोममध्ये नसून दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यो येथे होते आणि पोप सहावे क्लेमेंट यांच्या पदरी गी द शोलियाक नावाचे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले की आव्हिन्योमध्ये रोग दोन प्रकारचा होता. पहिला दोन महिने चालला, त्यात सतत ताप असे आणि थुंकीतून रक्त पडे, आणि रोगी तीन दिवसांत जाई. दुसरा उरलेला काळ चालला, त्यात तापाबरोबर काखेत आणि जांघेत गाठी येत, आणि रोगी पाच दिवसांत जाई. सूक्ष्मदर्शक नाही, जिवाणू ही कल्पनाही नाही, अशा काळात एका माणसाने केवळ पाहून न्यूमोनियाचा प्लेग आणि गाठीचा प्लेग यांत केलेला हा फरक आजही जसाच्या तसा मान्य करावा लागतो. पुढे साथ ओसरता ओसरता त्यांना स्वतःला ताप आला, जांघेत गाठ झाली, आणि सुमारे सहा आठवडे ते मरणाच्या दारात होते. गाठ पिकून फुटली आणि ते वाचले. आपल्या धंद्याबद्दलही त्यांनी काही लपवले नाही: वैद्य संसर्गाच्या भीतीने रोग्यांकडे जायला धजत नव्हते, आणि गेले तरी काही उपयोग होत नव्हता, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. स्वतःला पळून जावेसे वाटत होते, पण बदनामीच्या भयाने थांबलो, हेही त्यांनी लिहिले.

मग या विद्वानांना कारण काय वाटत होते? फ्रान्सच्या राजाने विचारल्यावरून पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने १३४८ च्या ऑक्टोबरात आपले मत लेखी दिले. त्यांच्या मते दूरचे कारण आकाशात होते: २० मार्च १३४५ रोजी शनि, गुरू आणि मंगळ यांची कुंभ राशीत युती झाली होती. जवळचे कारण जमिनीवर होते: त्या युतीने दूषित वाफा वर खेचल्या गेल्या, त्या हवेत मिसळल्या आणि श्वासावाटे हृदयाजवळ जाऊन त्यांनी शरीर आतून कुजवले. आपल्याला हे ऐकून हसू येईल, पण जरा थांबून पाहिले तर त्यामागची मांडणी सुसंगत आहे. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात आणि त्यांचा तोल ढळला की रोग होतो, हे ग्रीक वैद्य गेलनकडून आलेले तत्त्व सर्व वैद्यांनी मान्य केले होते. वात-पित्त-कफाची भाषा ज्यांच्या घरात अजून बोलली जाते त्या मराठी वाचकाला ही विचारपद्धती परकी वाटू नये. एकाच वेळी हजारो माणसे, वेगवेगळ्या वयाची आणि प्रकृतीची, एकाच रोगाने पडत असतील, तर कारण प्रत्येकाच्या पोटात शोधून चालणार नाही. ते सर्वांना समान असलेल्या गोष्टीत, म्हणजे हवेत, शोधले पाहिजे. हा तर्क चांगलाच होता. माहिती मात्र अपुरी होती.

उपचारही या तर्कावरूनच निघाले. हवा दूषित आहे, म्हणून खोलीत सुगंधी लाकडे जाळावी, चंदन, कापूर, गुलाबपाणी आणि व्हिनेगर वापरावे. आव्हिन्योमध्ये पोप क्लेमेंट यांना दोन पेटत्या आगींच्या मध्ये बसवून ठेवण्यात आले आणि ते वाचले, कदाचित एकांतामुळे आणि आगीजवळ पिसवा न फिरकल्यामुळे. अंगाची छिद्रे उघडली की विष आत शिरते, म्हणून गरम पाण्याने अंघोळ टाळावी. दूषित रक्त काढून टाकावे, म्हणून शीर कापावी. गाठ फोडावी किंवा डागावी. सर्वांत जुना आणि खरोखर उपयोगी पडणारा सल्ला तीन शब्दांत सांगितला जाई: लवकर निघा, लांब जा, उशिरा परता. तो पाळणे ज्यांच्याकडे खेड्यात दुसरे घर होते त्यांनाच शक्य होते. पेरुजाचे जेन्तीले दा फोलिन्यो हे आपल्या काळातील नामांकित वैद्य रोग्यांना सोडून गेले नाहीत आणि १३४८ च्या जूनमध्ये त्याच रोगाने वारले.

या पार्श्वभूमीवर पिस्तोयाचा हुकूमनामा पुन्हा वाचला की त्यातले प्रत्येक कलम उलगडते. खिळे ठोकलेली पेटी, खोल खड्डा, तटाबाहेर घालवलेले कातडी कमावणे आणि कसायांवरील कडक नियम हे सगळे दुर्गंधीविरुद्ध आहेत, कारण दुर्गंधी म्हणजे दूषित हवा. पण जुन्या कपड्यांची बंदी आणि पिसा-लुक्काच्या प्रवाशांची बंदी केवळ हवेच्या सिद्धान्ताने समजत नाही. रोग माणसांबरोबर आणि वस्तूंबरोबर चालत येतो, हे कारभाऱ्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, डोळ्यांनी पाहिले होते. घडी करून ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यांतून पिसवा जिवंत प्रवास करतात हे आज आपल्याला माहीत आहे. त्यांना ते माहीत नसताना त्यांनी नेमकी तीच वस्तू वेशीबाहेर थांबवली.

आणि तरीही साथ आत आली. तीन आठवड्यांनी, २३ मे रोजी, नगरसभेने पिसा आणि लुक्का यांच्याबाबतची प्रवासबंदी पूर्णपणे मागे घेतली. का, ते सांगितलेले नाही, पण ते ओळखणे अवघड नाही: रोग आता घरातच होता आणि बाहेरचा व्यापार बंद ठेवून शहर उपाशी मरण्यात अर्थ नव्हता. ४ जूनला आणखी एक दुरुस्ती झाली. शहराच्या प्रत्येक भागातून सोळा माणसे निवडावीत आणि मृतांना पुरण्याचे काम त्यांनीच करावे, असे ठरले. मे महिन्याच्या आरंभी अंत्ययात्रेला फार लोक जमू नयेत याची चिंता होती, आणि जूनच्या आरंभी खांदा द्यायला माणसे कोठून आणायची ही चिंता होती. एका शहराची गोष्ट या दोन तारखांच्या मधल्या जागेत मावते.

अंत्यविधीच्या बंधनांचा जाच आपल्याला समजू शकतो, कारण दुखवट्याला जाणे, खांदा देणे, घरच्यांजवळ नुसते बसून राहणे हे आपल्याकडेही नात्याचे शेवटचे कर्तव्य मानले जाते. मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने गोष्ट याहून गंभीर होती. मरणापूर्वी धर्मगुरूजवळ पापांची कबुली देऊन क्षमा मिळवणे आणि पवित्र केलेल्या भूमीत पुरले जाणे यांवर त्याच्या आत्म्याची गती अवलंबून होती. आपल्याकडे तोंडात तुळशीपत्र आणि पाणी न पडता कोणी गेले तर घरच्यांना जे वाटते, त्याच्या कितीतरी पट भय त्यात होते. आणि धर्मगुरूच मरत होते, कारण प्रत्येक मरणाऱ्याजवळ जाणे हेच त्यांचे काम होते. १३४९ च्या जानेवारीत इंग्लंडमधील बाथ-वेल्स या धर्मप्रांताच्या बिशपांनी, म्हणजे तेथील प्रमुख धर्मगुरूंनी, आपल्या सर्व चर्चना कळवले की धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने कोणाही सामान्य माणसाजवळ कबुली द्यावी, पुरुष नसेल तर स्त्रीजवळही चालेल. त्या काळात ही सूट किती मोठी होती हे लक्षात घ्यायला हवे. शेकडो वर्षे जपलेला नियम एका माणसाने बाजूला ठेवला, कारण लोक क्षमेशिवाय मरत आहेत हे त्याला सहन झाले नाही. आव्हिन्योमध्ये कब्रस्तान भरून गेल्यावर पोपनी ऱ्होन नदीच पवित्र म्हणून घोषित केली, म्हणजे नदीत सोडलेल्या देहांनाही पवित्र भूमीत पुरल्याचे पुण्य मिळावे.

सिएना शहरातील आन्योलो दी तुरा यांनी लिहिलेली बखर या सगळ्यात मनाला सर्वांत जास्त चटका लावते. ते सांगतात की बापाने मुलाला सोडले, बायकोने नवऱ्याला, भावाने भावाला. पैसे देऊनही मृतांना पुरणारा मिळेना. खड्डे इतके उथळ होते की कुत्र्यांनी देह उकरून काढले. आणि त्याच ओघात, आवाज न चढवता, ते एक वाक्य लिहितात: मी, आन्योलो दी तुरा, माझ्या पाच मुलांना माझ्या हातांनी पुरले. ज्याने हे लिहिले त्याने स्वतः कोणाला सोडले नव्हते, हे लक्षात आले की आधीच्या वाक्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. आप्तांनी आप्तांना टाकल्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक बखरीत आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण जे पळाले ते ठळकपणे दिसले, आणि जे घरात थांबून पाणी पाजत राहिले ते बहुधा रोग्याबरोबरच गेले, त्यांची नोंद कोण ठेवणार? पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील जोगिणींबद्दल मात्र एका फ्रेंच बखरकाराने लिहून ठेवले आहे की त्या न घाबरता, हळुवारपणे रोग्यांची सेवा करत राहिल्या, मरत राहिल्या, आणि त्यांच्या जागी नव्या येत राहिल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या जोगिणी अनोळखी वाटणार नाहीत.

लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमध्ये उत्खनन झाले तेव्हाही असेच काहीसे समोर आले. लांब चर खणून त्यांत काही ठिकाणी पाच-पाच थरांत देह पुरलेले होते, पण ते फेकलेले नव्हते. ख्रिस्ती रीतीप्रमाणे डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला, ओळीत, काही पेट्यांमध्ये, आणि मोठ्यांच्या मधल्या जागांत लहान मुले नीट बसवलेली. रोज गाडीभर प्रेते येत असताना कोणीतरी प्रत्येक देह हातांनी सरळ केला होता.

आता त्या काळातील सर्वांत काळ्या बाजूविषयी लिहिले पाहिजे, आणि ते थोडक्यात उरकणे योग्य होणार नाही. देवाचा कोप हे कारण बहुतेकांना पटत होते आणि त्यातून प्रायश्चित्ताच्या मिरवणुका निघाल्या. १३४९ मध्ये जर्मन प्रदेशात गावोगाव फिरून, येशूच्या आयुष्यातील प्रत्येक वर्षासाठी एक दिवस याप्रमाणे तेहतीस दिवसांहून थोडे अधिक, चौकात स्वतःच्या पाठीवर काटेरी गाठींचे आसूड ओढणाऱ्यांचे जथे निघाले. त्यांनी स्वतःलाच इजा केली असती तर गोष्ट वेगळी होती. पण दुःखाला चेहरा हवा असतो, आणि तो चेहरा ज्यू लोकांचा ठरवण्यात आला. १३४८ च्या शरद ऋतूत आल्प्स पर्वतातील सव्हॉय प्रांतात ज्यूंना पकडून, छळ करून, विहिरीत विष टाकल्याचे कबुलीजबाब घेण्यात आले. त्या जबाबांच्या नकला शहरोशहरी पाठवण्यात आल्या. एक शहर दुसऱ्याला पुरावा म्हणून तेच कागद दाखवत होते, आणि कागदावर शिक्का असल्यामुळे अफवा आता सरकारी माहिती झाली.

स्ट्रासबुर्गमध्ये नगरसभेने हे आरोप मानायला नकार दिला. पुरावा नाही, असे तिचे म्हणणे होते. १३४९ च्या फेब्रुवारीत कारागिरांच्या संघटनांनी ती नगरसभाच उलथून टाकली, आणि १४ फेब्रुवारीला शहरातील ज्यूंना त्यांच्याच कब्रस्तानात उभारलेल्या लाकडी चौथऱ्यावर जाळण्यात आले. त्या वेळच्या एका बखरीत आकडा दोन हजार दिला आहे. नेमका आकडा कितीही असो, त्या दिवशी स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग पोहोचलेलाही नव्हता. तो त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आला. ज्यूंकडून घेतलेल्या कर्जांचे कागद परत करण्यात आले आणि त्यांचा पैसा वाटून घेण्यात आला. त्यांना मारणारे खरे विष पैसा हेच होते, असे त्या शहराच्याच बखरकाराने लिहून ठेवले आहे. ही गोष्ट भीतीने भान हरपलेल्या गर्दीची म्हणून सांगितली जाते, पण मला तसे वाटत नाही. आधी सत्तांतर, मग तारीख, मग चौथरा, मग हिशेब, एवढी व्यवस्था भान हरपलेल्या लोकांना जमत नाही.

याच पोप क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये दोनदा फर्मान काढून ज्यूंना संरक्षण देण्याचा आदेश दिला होता. त्यात दिलेला युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे: हा रोग ज्यूंनाही मारतो आहे, आणि जेथे ज्यू कधीच राहिले नाहीत अशा देशांतही तो पसरला आहे, मग ते त्याचे कारण कसे असतील? त्यासाठी जिवाणूशास्त्र लागत नव्हते, साधी विचारशक्ती पुरेशी होती. पोपच्या स्वतःच्या अमलाखालील प्रदेशात ज्यू बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. इतरत्र फर्मानाचा फारसा परिणाम झाला नाही. आसूड ओढणाऱ्यांच्या जथ्यांवर त्यांनी १३४९ च्या ऑक्टोबरात बंदी घातली.

त्याच काळात दमास्कसमध्ये काय घडले ते प्रवासी इब्न बतूता यांनी पाहिले. १३४८ च्या उन्हाळ्यात तेथील सुलतानाच्या प्रतिनिधीने तीन दिवसांचा उपवास जाहीर केला. नंतर सर्व लोक, अमीर आणि विद्वान अनवाणी, हातात कुराण घेऊन शहराबाहेरच्या एका मशिदीकडे चालत गेले. त्यांच्याबरोबर ज्यू आपले तोराह घेऊन आणि ख्रिस्ती आपले शुभवर्तमान घेऊन, बायका-मुलांसह रडत, एकत्र निघाले. या मिरवणुकीने साथ थांबली नाही आणि गर्दीने ती कदाचित वाढलीही असेल. पण स्ट्रासबुर्ग आणि दमास्कस यांच्यापुढे रोग एकच होता आणि दोन्हीकडे श्रद्धाळू माणसेच होती, म्हणून ही तुलना मनातून जात नाही.

इस्लामी जगातही वैचारिक ओढाताण कमी नव्हती. साथीने मरणारा मुसलमान हुतात्मा ठरतो आणि रोग देवाच्या इच्छेशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, असे धर्मपंडितांचे म्हणणे होते, तर साथीच्या गावात जाऊ नका आणि तेथून निघू नका, असेही पैगंबरांचे वचन सांगितले जाई. स्पेनमधील ग्रानादा या मुस्लिम राज्याचे वजीर आणि वैद्य इब्न अल-खतीब यांनी मात्र धीटपणे लिहिले की संसर्ग अनुभवाने आणि तपासाने सिद्ध झाला आहे: रोग्याच्या संपर्कात आलेला मरतो, न आलेला वाचतो, एखाद्या कपड्यामुळे, भांड्यामुळे, कानातल्या दागिन्यामुळे घरात रोग शिरतो, निरोगी बंदरात रोगी देशाचे जहाज लागले की तेथे साथ सुरू होते. धर्मवचन आणि प्रत्यक्ष दिसणारे सत्य यांत विरोध आला तर वचनाचा अर्थ पुन्हा लावला पाहिजे, असेही त्यांनी म्हटले. हे लिहायला धैर्य लागते.

पहिली साथ १३५१ च्या सुमारास ओसरली, पण प्लेग गेला नाही. १३६१ मध्ये तो परत आला आणि या खेपेला मुले इतकी मेली की काही ठिकाणी तिला ‘मुलांची साथ’ म्हटले गेले. त्यानंतर तो दर काही वर्षांनी येत राहिला. हे पुन्हा पुन्हा येणेच महत्त्वाचे ठरले, कारण एकदा आलेला प्रलय माणूस देवावर सोडतो, पण दहा-बारा वर्षांनी परत येणाऱ्या गोष्टीचा बंदोबस्त करतो. एड्रियाटिक समुद्रावरील रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, या व्यापारी नगराने १३७७ मध्ये नियम केला की साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस नेमलेल्या बेटावर किंवा शेजारच्या गावी थांबावे. बंदर बंद करणे रागुझाला परवडणारे नव्हते, कारण ते जहाजांवरच जगत होते. म्हणून त्यांनी दार बंद न करता दारात थांबायला लावले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. चाळीसला इटालियनमध्ये ‘क्वारांता’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला, जो काही वर्षांपूर्वी आपल्या वाड्या-वस्त्यांवरही प्रत्येकाच्या तोंडी होता. व्हेनिसने १३४८ च्या मार्चमध्येच आरोग्याची देखरेख करण्यासाठी तीन माणसांची समिती नेमली होती, आणि १४२३ मध्ये आपल्या खाजणातील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले.

जे वाचले त्यांचे जगही बदलले. मजूर कमी झाले, म्हणून उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली. इंग्लंडच्या राजाने १३४९ च्या जूनमध्ये, साथ चालू असतानाच, जुन्या दरापेक्षा अधिक मजुरी घेणे हा गुन्हा ठरवला आणि १३५१ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. पण हाती काम मागणारा एक आणि शेते दहा अशी स्थिती असल्यावर कायद्याला कोण जुमानतो? मजुरी वाढतच गेली. सिएनामध्ये १३३९ साली जगातील मोठ्या चर्चपैकी एक उभारायला घेतले होते. ते काम थांबले आणि त्याची एक उंच, मोकळी भिंत आजही चौकात उभी आहे.

झिव्रीच्या नोंदवहीकडे शेवटी परत येतो. १३४८ साली तीत एकाही लग्नाची नोंद नाही. दफनांच्या ओळींनी ती भरलेली आहे. १३४९ ची पाने उघडली की जानेवारीच्या मध्यापासून लग्नांची दक्षिणा जमा होऊ लागते, आणि वर्ष संपेपर्यंत त्या लहानशा गावात ऐंशीहून अधिक लग्ने लागलेली असतात.